‘का?’चे उत्तर शोधणारा शिक्षक

(बाभुळगाव, जि. यवतमाळ येथे तालुक्यातील गणित व विज्ञान शिक्षक आणि पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकविण्याचा दिवस येतो. ऋण संख्येला ऋण संख्येने गुणले की उत्तर धन येते, असा नियम फळ्यावर लिहिला जातो, त्याखाली दहा उदाहरणे सोडविली जातात आणि तास संपत येतो. अशा वेळी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हात वर करून विचारतो, ‘सर, असे का?’ या छोट्याशा प्रश्नाला बहुतेक वर्गांत एकच उत्तर मिळते : ‘तो नियम आहे, पाठ करा.’ मुलगा खाली बसतो. त्या दिवशी तो केवळ बाकावर बसत नाही; गणिताच्या बाबतीत तो मनानेही खाली बसतो. पुढे दहावीत तो अनुत्तीर्ण झाला, तर आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो, मोबाइलला दोष देतो, फार तर शिकवणी लावली नाही म्हणून पालकांना दोष देतो. परंतु तीन वर्षांपूर्वीच्या त्या अनुत्तरित प्रश्नाचे स्मरण कोणालाही राहत नाही.

यात त्या शिक्षकाचा अपराध किती? त्याच्या विद्यार्थीदशेत त्यालाही हेच उत्तर मिळाले होते. पदविकेच्या वा पदवीच्या अभ्यासक्रमात त्याने मानसशास्त्राच्या व्याख्या लिहिल्या, पाठ टाचणे काढली, सराव पाठ घेतले. पण ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही आणि त्याचे उत्तर शोधण्यास उसंतही दिली नाही. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण केव्हा, कोठे आणि कोणाच्या संगतीत व्हावयाचे, हा तो विषय होय.

हा प्रश्न आज अधिक तातडीचा झाला आहे. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद सुचविली गेली. दहावीला गणित वा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र या विषयांवर आधारित शिक्षण त्याला घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती सूचना होती. त्यामागील करुणा समजण्यासारखी आहे. एका विषयापायी मुलाचे सारे शिक्षण थांबू नये, हे खरेच. परंतु असा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? पुण्या-नागपुरात महागड्या शिकवण्या लावणाऱ्या घरांतील मुलांच्या गुणपत्रिकेवर तो क्वचितच पडेल. तो पडेल कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरातील मुलावर, पोडावरून वा तांड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलीवर. उंबरठा खाली आणणे हा एक उपाय झाला. पायरी बांधणे हा दुसरा. ती पायरी म्हणजे जाणता शिक्षक.

विदर्भाने दिलेले उत्तर

ऋण संख्यांच्या त्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. त्याचे उत्तर शोधण्याचा गंभीर प्रयत्न ज्यांनी केला, त्यांपैकी एक पंडित मूळच्या विदर्भातील घराण्यातला होता, हे किती जणांना ठाऊक असेल? पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीस जाऊन स्थिरावलेल्या दैवज्ञ घराण्यात कृष्ण दैवज्ञ जन्मले. सोळावे शतक संपून सतरावे सुरू होत असतानाच्या काळात त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. टीका म्हणजे दोषदर्शन नव्हे. मूळ ग्रंथ उलगडून दाखविणे. ऋणत्व म्हणजे काय, हे सांगताना ते म्हणतात की ऋणत्व तीन प्रकारचे असते : देशाचे, काळाचे आणि वस्तूचे. पूर्व दिशा धन मानली तर पश्चिम ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. मालकी धन तर कर्ज ऋण.

यातील देश आणि काळ यांची सांगड घालून बाभुळगावच्या फळ्यावर काय लिहिता येईल, ते पाहू. बाभुळगावपासून यवतमाळची दिशा धन आणि धामणगावची दिशा ऋण माना. एक सायकलस्वार ताशी १० किलोमीटर वेगाने धामणगावकडे निघाला आहे. म्हणजे त्याचा वेग ऋण १०. आत्ता तो बाभुळगावच्या चौकात आहे. दोन तासांपूर्वी, म्हणजे ऋण २ तासांना, तो कोठे होता? अर्थातच यवतमाळच्या दिशेला, २० किलोमीटरवर. ऋण १० गुणिले ऋण २ बरोबर धन २०. आता नियम पाठ करावा लागत नाही, तो दिसतो. सातवीतल्या मुलाला आयुष्यभर पुरेल एवढे हे उत्तर आहे आणि त्यासाठी खडूखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही.

आपल्या परंपरेत या ‘का’च्या उत्तराला ‘उपपत्ती’ असा शब्द आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, तीही उपपत्तींसाठीच नावाजली गेली. भास्कराचार्यांची सूत्रे पद्यात होती, म्हणून ती कंठस्थ होत. परंतु त्यांतले कारण पुढच्या पिढीला समजावे म्हणून अध्यापक टीका लिहीत, एकमेकांच्या टीका वाचीत, त्यांवर वाद करीत. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर तेच त्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण होते.

आणि त्यासाठी समाजाने व्यवस्थाही उभी केली होती. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन अखंड चालावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सामंत सोइदेव याने त्याला दान दिले. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला मिळावा आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल द्यावे, असे त्यात नोंदविले आहे. गणिताच्या अध्ययनाला गावच्या तेल्याने तेल पुरविले, ही आपली परंपरा आहे.

या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र अभिमान आणि अध्ययन यांत गल्लत होऊ नये. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ एवढे म्हणून थांबणारा शिक्षक कृष्ण दैवज्ञांचा वारस ठरत नाही. मुलाच्या प्रश्नाची उपपत्ती शोधणारा ठरतो. भारती कृष्णतीर्थ स्वामींचा ‘वैदिक गणित’ हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि आपल्या अनेक शाळांत त्यातील रीती शिकविल्या जातात. ९८ गुणिले ९७ हा गुणाकार त्या रीतीने क्षणात होतो : शंभराला २ कमी आणि ३ कमी, ९८ मधून ३ वजा केले की ९५, दोन त्रिक ६, उत्तर ९५०६. मुले टाळ्या वाजवितात. परंतु शिक्षकाचे काम टाळ्यांनंतर सुरू होते. शंभर वजा दोन आणि शंभर वजा तीन यांचा गुणाकार फळ्यावर मांडून ते ९५ आणि ते ६ कोठून आले, हे दाखविले की चमत्काराचे बीजगणित होते. तसे केले नाही तर ती केवळ हातचलाखी राहते.

प्रशिक्षणे झाली, अध्ययन राहिले

आता वर्तमानाकडे येऊ. शिक्षकांना प्रशिक्षणच मिळत नाही, असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. सेवेच्या बारा आणि चोवीस वर्षांनंतर वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. २०१७ साली ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ आले, २०१९ साली ‘निष्ठा’ हा देशव्यापी प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे सांगितले.

मग उणीव कोठे राहते? उणीव राहते ती प्रशिक्षणाच्या वाटेत. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. वरच्या बांधावर भरलेले पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत येता येता जिरून जावे, तसे घडते. बाभुळगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. राज्यस्तरावर ज्या प्रयोगावर दोन तास चर्चा झाली, तो केंद्रावर पडद्यावरचे एक चित्र होऊन पोहोचतो. शिक्षक हजेरीपत्रकावर सही करतो, छायाचित्र काढले जाते, अहवाल वर जातो. तास मोजले जातात. समज मोजली जात नाही.

त्यात पात्रतेचा प्रश्न भर घालतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविण्यात आले. वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकांच्या घरांत या निकालाने किती अस्वस्थता निर्माण केली, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगावयास नको. किमान पात्रता असावी, याविषयी दुमत नाही. परंतु परीक्षा ही प्रवेशद्वारावरची तपासणी असते. ती शिक्षकाला आत घेऊ शकते किंवा बाहेर ठेवू शकते. त्याला घडवू शकत नाही. घडण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

शिक्षकाचे वेगळे ज्ञान

पदवी असली म्हणजे शिकविता येते काय? १९८६ साली अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. विषयाचे ज्ञान वेगळे, शिकविण्याची सामान्य हातोटी वेगळी आणि हा विशिष्ट विषय शिकताना मुले कोठे अडखळतात व त्यांना कसे पुढे न्यावे, याचे ज्ञान त्याहून वेगळे. गणितज्ञाला गणित येते. गणिताच्या शिक्षकाला मुलाचे चुकलेले गणितही वाचता यावे लागते.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या लिपिंग मा यांच्या ग्रंथात याचा बोलका पुरावा आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित करावयास आणि त्यावर आधारित शाब्दिक उदाहरण तयार करावयास सांगितले. चीनच्या सर्व शिक्षकांचे उत्तर अचूक आले; अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी शिक्षकांना ते साधले. अर्थपूर्ण उदाहरण रचण्यात तर अंतर आणखीच मोठे होते. विशेष म्हणजे औपचारिक शिक्षणाची वर्षे मोजली तर चीनचे शिक्षक मागे होते. त्यांच्यापाशी पदव्या कमी होत्या. पण शाळेतील विषयशिक्षकांनी नियमितपणे एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करण्याची पद्धत त्यांच्याकडे रुजलेली होती. चीनशी आपले कितीही वैर असो, ही गोष्ट त्याच्याकडून घेण्यास संकोच नसावा.

हेच गणित मराठी शिक्षकाला किती सोपे आहे, ते पाहा. पावणेदोन लिटर तेल अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरले तर किती बाटल्या भरतील? साडेतीन. अर्ध्याने भागणे म्हणजे दोनाने भागणे नव्हे, हे येथे आपोआप कळते. ज्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द आहेत आणि जिच्या शाळांतून एकेकाळी पावकी, निमकी, दिडकी म्हटली जाई, त्या भाषेतील मुलांना अपूर्णांकांचे भय वाटावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

मुलांच्या चुका या आळसातून येतात, असे आपण मानतो; पुष्कळदा त्या विचारातून येतात. ०.५ पेक्षा ०.३५ मोठी, असे लिहिणारा मुलगा पाचापेक्षा पस्तीस मोठे, हा खरा नियम चुकीच्या ठिकाणी लावीत असतो. एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा म्हणणारी मुलगी तीनापेक्षा चार मोठे, असेच म्हणत असते. विज्ञानातही हेच. पऱ्हाटी एवढी वाढली, तिचे वजन कोठून आले, असे विचारा. मुले म्हणतील, मातीतून आणि खतातून. सतराव्या शतकात व्हान हेलमाँट याने कुंडीत विलोचे रोप पाच वर्षे वाढविले. झाडाचे वजन दीडशे पौंडांहून अधिक वाढले. वाळविलेली माती मात्र केवळ काही औंसांनी घटली. त्याला वाटले, सारे वजन पाण्याचे. आज आपणास ठाऊक आहे की झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतून आपला देह घडविते. म्हणजे बाभुळगावच्या बाजारात विकला जाणारा कापूस हा बव्हंशी हवेतून आणि पाण्यातून आलेला असतो! शेतकऱ्याच्या मुलाला प्रकाशसंश्लेषण असे शिकविले तर तो ते विसरेल काय?

महाराष्ट्रातील आणि शेजारचे अनुभव

असे प्रयत्न आपल्याकडे झालेलेच नाहीत, असे नाही. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. मुंबई महापालिकेच्या शाळांबरोबरच या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांच्या विज्ञान शिक्षकांसोबत काम केले. केंद्राचे संस्थापक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांच्या ध्यानात आले की गरीब घरांतील मुले विज्ञानात नव्हे, तर विज्ञानाच्या पुस्तकी भाषेत अडखळतात. भाषा सोपी करून दिल्यावर त्याच मुलांची प्रगती सुधारल्याचे त्यांना आढळले. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलापुढे ‘अपस्करणी बल’ आणि ‘विद्युतअपघटन’ हे शब्द येतात, तेव्हा त्याला दोन भाषा एकदम शिकाव्या लागतात. शब्द टाळू नयेत. पण आधी अनुभव, मग शब्द, हा क्रम शिक्षकाच्या हाती असतो.

भाषेचाच एक प्रसंग २०१९ सालचा आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘बावीस’ बरोबर ‘वीस दोन’ असेही वाचन आले आणि राज्यभर वाद उठला. समितीच्या प्रमुख, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली : जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यानामे अवघड जातात. आपल्या संख्यानामांचे वैभव जपावे, असे वाटणाऱ्यांची भावनाही खोटी नव्हती. परंतु त्या वादात ज्याला पहिल्या दिवशी वर्गात उभे राहावयाचे होते, त्या शिक्षकाशी किती जण बोलले? पुस्तक बदलले की चर्चा होते. शिक्षकाची तयारी मात्र गृहीत धरली जाते.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला. तेथे सुट्टीत शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांप्रमाणे प्रयोग करीत आणि नंतर मासिक बैठकांत अडचणी मांडीत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून भौमितिक आकृत्या करण्याची अरविंद गुप्ता यांची कल्पना याच कार्यक्रमातून पुढे आली. त्यामागील मंडळींच्या वैचारिक भूमिकांशी अनेकांचे मतभेद असतील; तथापि मासिक बैठकीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. २००२ साली शासनाने एका निर्णयाने हा कार्यक्रम थांबविला. शासनाच्या आदेशावर उभे राहिलेले काम आदेशानेच संपू शकते, हा त्यातील दुसरा धडा. जे समाजाच्या आधारावर उभे राहते, तेच टिकते.

देवळालीचे मास्तर

खेड्यातल्या शिक्षकाने संशोधनाच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे द. रा. कापरेकर यांचे. नाशिकजवळच्या देवळालीतील हा शाळामास्तर १९३० ते १९६२ अशी सुमारे तीन दशके मुलांना शिकवीत राहिला. त्यांच्यापाशी गणितातील पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा आणि तेच पुन्हा करीत राहा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. पदवीने नव्हे, तर जिज्ञासेने शिक्षक मोठा होतो, याचे यापेक्षा उत्तम उदाहरण कोणते?

आपल्या जिल्ह्यालाही स्मरणे आहेत. ‘वंदे मातरम्’च्या उद्घोषाबद्दल नागपूरच्या शाळेतून काढले गेल्यावर केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळच्या विद्यागृह या राष्ट्रीय शाळेत शिक्षण घेतले. परकीय सरकारच्या मदतीवाचून शाळा चालविण्याचे धैर्य या मातीने दाखविले होते. श्री. माधवराव गोळवलकर काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत आणि ‘गुरुजी’ हे संबोधन त्यांना तेथील विद्यार्थ्यांनी दिले. प्रा. राजेंद्रसिंह अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. विज्ञान शिकविणे आणि राष्ट्रकार्य करणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे सांगावयास याहून अधिक दाखले नकोत.

बाभुळगावात काय करता येईल?

मग येथे, या तालुक्यात काय करावे? त्यासाठी नवी संस्था नको आणि इमारतही नको. केंद्राची शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातील एक तास केवळ एका पाठासाठी राखून ठेवावा. जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी रीत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. त्यांतील एक तो वर्गात शिकवितो. बाकीचे मागे बसून शिक्षकाकडे नव्हे, तर मुलांकडे पाहतात. कोण कोठे गोंधळला, कोणाचा चेहरा उजळला, याच्या नोंदी घेतात. नंतर बसून पाठ सुधारतात आणि दुसरा शिक्षक तो दुसऱ्या वर्गात घेतो. यात परीक्षक कोणी नसतो, म्हणून भीतीही नसते. वर्षाला असे सहा पाठ झाले, तरी पाच वर्षांत तालुक्यापाशी तीस पाठांचे स्वतःचे भांडार होईल.

दुसरी गोष्ट, चुकांची वही. प्रत्येक गणित-विज्ञान शिक्षकाने मुलांची चुकलेली उत्तरे, नाव न लिहिता, एका वहीत टिपावीत आणि मासिक बैठकीत ती वाचावी. वैद्य रोगाची लक्षणे लिहून ठेवतो, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट, गावालाच प्रयोगशाळा मानणे. बेंबळा धरणाच्या कालव्यात एक हलके लाकूड सोडून त्याला ठरावीक अंतर जाण्यास किती वेळ लागतो, हे काठावरून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मोजले तर वेग येतो. छेदाचे क्षेत्रफळ काढले तर प्रवाह येतो. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी उभी करा. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास मध्यान्ही तिची सावली साधारण ३७ सेंटिमीटर पडेल. बारा अंगुळांचा शंकू घेतला तर सावली सुमारे साडेचार अंगुळे येईल. आपल्या ज्योतिषग्रंथांत तिला ‘पलभा’ म्हणतात आणि तिच्यावरूनच गावाचे अक्षांश काढीत. रोज बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असे मुलेच काय, मोठी माणसेही समजतात. बाभुळगावी तो वर्षातून दोनच दिवस बरोबर माथ्यावर येतो : मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जुलैत तर ढग असतात. या एका काठीत भूगोल, त्रिकोणमिती आणि परंपरा, तिन्ही एकत्र उभ्या आहेत.

चौथी गोष्ट पालकांची आणि समाजाची. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये, असे म्हटले आहे. पण कागदांचा भार प्रत्यक्षात वाढतच जातो. त्याविरुद्ध केवळ शिक्षक संघटनांनी बोलावे, हे पुरेसे नाही, पालकांनीही बोलावे. तालुक्यात राहणारे अभियंते, कृषी पदवीधर, डॉक्टर, जिनिंगमधील यंत्रे सांभाळणारे कारागीर यांनी वर्षातून चार तास शाळेला द्यावेत. व्याख्यान देण्यासाठी नव्हे, तर शिक्षकाला हवे ते दाखविण्यासाठी. अधिकाऱ्यांनी या बैठकीला कर्तव्यकाळ मानावे आणि तिचा अहवाल एका पानाहून मोठा मागू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या शिक्षकाने मुलाला ‘हे आज सांगता येत नाही, शोधून उद्या सांगतो’ असे म्हटले, तर घरी त्याची थट्टा होऊ नये. असे म्हणू शकणारा शिक्षक हा अज्ञानी नव्हे. तो शिकता शिक्षक आहे.

बंधू-भगिनींनो, पन्नास तासांचे प्रमाणपत्र शासन देईल, पात्रतेची परीक्षा न्यायालयाच्या आदेशाने होईल. या दोन्ही गोष्टी आवश्यक असल्या, तरी मागच्या बाकावरून वर झालेल्या त्या हाताला उत्तर देण्यास त्या पुरेशा नाहीत. ते उत्तर चार शिक्षक एकत्र बसून शोधतील, तेव्हाच वर्गापर्यंत पोहोचेल. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या प्रत्येक घाण्याने गणिताच्या मठाला पळीभर तेल दिले. आज बाभुळगाव तालुक्याकडे मागणे त्याहून फार अधिक नाही : शिक्षकांनी महिन्याचे दोन तास द्यावेत, समाजाने थोडा वेळ आणि पुष्कळ विश्वास द्यावा. येत्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला पाठ कोणता घ्यावयाचा, एवढे आज येथून उठण्यापूर्वी ठरले, तरी या एकत्र येण्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.